हुद्दा उतरल्यावर पत कशी राखावी: नाशिकच्या सोसायटीत राहणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये हुद्देदार माणसांची वस्ती दाट आहे. नाशिक रोडला नोटांचा आणि मुद्रांकांचा छापखाना आहे, ओझरला विमानांचा कारखाना आहे, देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण चालते, त्र्यंबक रस्त्यावर पोलीस अकादमी आहे, गोवर्धनला मुक्त विद्यापीठ आणि म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. या संस्थांमधून निवृत्त झालेली माणसे बहुधा येथेच घर घेतात, आणि हवा चांगली म्हणून मुंबईहून येणाऱ्यांची त्यात भर पडते. त्यामुळे गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाटा या भागांतील एखाद्या बेताच्या सोसायटीतही एक माजी अधीक्षक अभियंता, एक कर्नल, दोन प्राध्यापक आणि एक बँक व्यवस्थापक सहज निघतात. त्यांच्याच जिन्यावर अंबडच्या कारखान्यातला फिटर राहतो, मुलांच्या शिक्षणासाठी निफाडहून येऊन राहिलेले द्राक्षबागायतदाराचे कुटुंब राहते आणि घरी शिकवण्या घेणाऱ्या बाई राहतात. या सगळ्यांत कोणाच्या शब्दाला वजन आहे, हे दारांवरच्या पाट्या वाचून कळत नाही. काही महिने राहिल्यावर कळते, आणि पुष्कळदा ती व्यक्ती पाटीवर काहीच न लिहिलेली असते.

हे मार्गदर्शन दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. ज्यांच्याकडे हुद्दा, पदवी किंवा पुरस्कार आहे आणि निवृत्तीनंतर किंवा नव्या वस्तीत आल्यावर पूर्वीचा मान कमी झाल्यासारखा वाटतो, ते पहिले. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही आणि चार माणसांत आपले म्हणणे ऐकले जावे असे ज्यांना वाटते, ते दुसरे. दोघांनी करायच्या गोष्टी बहुतेक सारख्याच आहेत. पहिल्यांना काही सवयी सोडाव्या लागतात, एवढाच काय तो फरक.

मान दोन वाटांनी येतो

राल्फ लिंटन या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने १९३६ साली अर्पित दर्जा आणि अर्जित दर्जा असा भेद मांडला. जन्माने मिळतो तो अर्पित, कर्तृत्वाने मिळवावा लागतो तो अर्जित. आपल्याकडे अकरावी-बारावीला समाजशास्त्र घेतलेल्यांना हे शब्द आठवत असतील. मात्र सोसायटीच्या जिन्यावर उपयोगी पडणारा भेद वेगळा आहे. जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट या अभ्यासकांनी २००१ साली असे मांडले की, माणसांमध्ये दर्जा दोन वाटांनी येतो: एक वाट धाक आणि वर्चस्वाची, दुसरी लोकांनी आपखुशीने दिलेल्या मानाची. धाक असलेल्या माणसाला लोक टाळतात, आणि टाळता येत नसेल तेव्हा त्याचे ऐकतात. आपखुशीने मान दिलेल्या माणसाच्या जवळ मात्र लोक स्वतःहून जातात, कारण त्याच्याकडून काहीतरी शिकता येते किंवा मिळते.

कार्यालयातील हुद्द्यात या दोन्ही वाटा इतक्या मिसळलेल्या असतात की, आपल्याला मिळणाऱ्या मानाचा कोणता भाग कोठून येतो हे हुद्देदाराला सांगता येत नाही. गोपनीय अहवाल लिहिण्याचा, बदली रोखण्याचा, बिलावर सही करण्याचा अधिकार असतो तोवर समोरचा उठून उभा राहतो. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यातला अधिकाराचा भाग नाहीसा होतो आणि उरतो तेवढाच खरा शिल्लक मान. ज्यांची शिल्लक कमी निघते ते ‘लोक कृतघ्न आहेत’ असे म्हणतात, आणि हे म्हणणे पुढची दहा वर्षे चालू ठेवतात. तसे न करता, नव्या वस्तीत आपले खाते कोरे आहे असे धरून सुरुवात करणे अधिक फायद्याचे ठरते.

पाटी, ओळख आणि आडनाव

दारावरच्या पाटीवर नाव असावे. त्याखाली ‘निवृत्त’ असा कंस घालून हुद्दा लिहावा की नाही, हा आपापला प्रश्न आहे. कायद्याची बाजू मात्र माहीत असावी. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने लष्करी आणि शैक्षणिक बहुमान वगळता अन्य किताब देण्यास राज्याला मनाई केली आहे. पद्म पुरस्कार आणि भारतरत्न हे किताब नव्हेत, परंतु ते नावाच्या पुढे किंवा मागे लावता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. देशातल्या सर्वोच्च सन्मानांनाही नावाला चिकटण्याची मुभा नसताना, एखाद्या क्लबच्या माजी विभागीय उपाध्यक्षपदाला ती पाटीवर द्यावी का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पहिल्या भेटीत ओळख करून देताना मजला, गाव आणि घरातली माणसे सांगावीत. ‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो आहोत, मूळचे सिन्नरचे, मुलगी आठवीत आहे’ या वाक्यात समोरच्याला बोलायला तीन धागे मिळतात. ‘मी अमुक खात्यातून सहसंचालक म्हणून निवृत्त झालो’ या वाक्यानंतर त्याला फक्त ‘अरे वा’ म्हणता येते. हुद्दा लोकांना कळतोच, आणि तो दुसऱ्याच्या तोंडून कळला तर त्याची किंमत वाढते. समोरचा काय करतो हेही पहिल्याच भेटीत विचारू नये. विशेषतः ‘आडनाव काय म्हणालात? म्हणजे तुम्ही कुठले?’ असा प्रश्न गावाच्या आडून जातीपर्यंत पोहोचण्यासाठी विचारला जातो, हे विचारणाऱ्यालाही माहीत असते आणि उत्तर देणाऱ्याला तर फारच चांगले माहीत असते. नव्या वस्तीत मान घालवण्याचा याहून जलद उपाय मला माहीत नाही.

हाक कशी मारावी

आपण आपल्यापेक्षा वरच्याशी कसे बोलतो याकडे कोणी लक्ष देत नाही, कारण तेथे सगळेच नीट बोलतात. लोक पाहतात ते आपण रखवालदाराशी, जिना पुसणाऱ्या बाईंशी, घंटागाडीवरच्या माणसाशी आणि पार्सल घेऊन आलेल्या पोराशी कसे बोलतो ते. ही माणसे दिवसातून वीस दारांवर जातात आणि कोणत्या दारात काय ऐकले ते विसरत नाहीत. म्हणून वयाने लहान असले तरी या सर्वांना ‘अहो-जाहो’ करावे. रखवालदाराचे नाव विचारून घ्यावे आणि नावापुढे ‘भाऊ’ किंवा वयानुसार ‘मामा’ लावावे. ‘ए वॉचमन’ ही हाक गेटपासून चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाते. घरकाम करणाऱ्या बाई अठ्ठावीस वर्षांच्या असताना पन्नाशीच्या गृहिणीने त्यांना ‘मावशी’ म्हणावे, ही आपल्याकडची एक विचित्र रीत आहे. त्यात आपुलकी असल्याचा आव असतो, परंतु त्या बाईंना नाव आहे ही गोष्ट त्यात पुसली जाते. नाव घेऊन ‘ताई’ म्हणणे दोघींच्याही सोयीचे आहे.

उलट दिशेने, आपल्याला ‘साहेब’ म्हणावे अशी अपेक्षा ठेवू नये आणि कोणी म्हटले तर ‘साहेब म्हणू नका हो’ असे चारचौघांत मोठ्याने सांगूही नये. दोन्हींत लक्ष स्वतःकडेच ओढले जाते. लोक काही दिवसांनी आपणहून नाना, आप्पा, काका असे काहीतरी ठरवतात आणि ते ठरवण्याचा हक्क त्यांचाच असतो.

या हाकांची ताकद किती असते, हे नाशिकने स्वतः पाहिले आहे. वि. वा. शिरवाडकर यांना १९८७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, नंतर पद्मभूषणही मिळाले. पण त्यांच्याकडे ये-जा असणाऱ्या नाशिककरांच्या बोलण्यात ते आजही ‘तात्यासाहेब’ असतात. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी जन्मलेले भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांना १९६८ साली पद्मश्री मिळाली, ते खासदारही होते. लोकांनी मात्र त्यांना ‘दादासाहेब’ आणि ‘कर्मवीर’ ही दोन नावे दिली आणि तीच टिकली. पुरस्कार आठवायला अनेकांना क्षणभर थांबावे लागते, हाक मारायला थांबावे लागत नाही.

दुःखाच्या घरी

माणसाची खरी पत ठरते ती मृत्यूच्या प्रसंगी. हा भाग थोडा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण येथे हुद्देदार माणसे सर्वाधिक अवघडलेली दिसतात आणि थोड्या माहितीने ते टाळता येते.

बातमी कळताच जावे. कपडे कोणते घालावेत याचा विचार करत बसू नये. गेल्यावर ‘कसे झाले, कोणत्या दवाखान्यात होते, आधी दुसरा डॉक्टर का नाही पाहिला’ असे विचारू नये. त्या घराने हे उत्तर तोवर तीस वेळा दिलेले असते, आणि शेवटच्या प्रश्नात तर आरोपच असतो. त्याऐवजी एखादे काम उचलावे. खुर्च्या मागवणे, पिण्याच्या पाण्याचे जार आणवणे, खाली गाड्या लावण्यासाठी जागा मोकळी करणे, बाहेरगावच्या नातेवाइकांना पत्ता सांगणे, वैकुंठरथासाठी फोन करणे, पंचवटीतल्या अमरधामला नोंद करायला घरातल्या एका माणसाबरोबर जाणे, अशी डझनभर कामे त्या दोन तासांत असतात आणि ती करणारे हात नेहमी कमी पडतात. ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य टाळावे. दुःखात बुडालेला माणूस सांगत नाही, आणि आपण सुटलो असे आपल्याला वाटते.

त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी पिठले-भात किंवा पिठले-भाकरी पाठवण्याची रीत आहे. ती पहिल्या दिवशी सगळेच पाळतात, आणि त्या दिवशी अन्न वाया जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पाहुणे घरात असतात पण शेजारी पांगलेले असतात, तेव्हा डबा पाठवावा. लहान मुले असतील तर त्यांना आपल्या घरी आणून शाळेच्या वेळेला तयार करून पाठवावे. हे काम बहुधा घरातल्या बायकाच करतात आणि त्याचे श्रेय पुरुषांच्या नावावर जमा होते, ही गोष्टही येथे नोंदवून ठेवतो.

दशक्रिया विधी पुष्कळदा रामकुंडावर होतो आणि आमच्या जिल्ह्यात त्या वेळी प्रवचन आणि श्रद्धांजलीची भाषणे होण्याची प्रथा चांगलीच रुजलेली आहे. माइक आला की मान्यवरांची नावे पुकारली जातात आणि एकेक जण उठतो. आपले नाव पुकारले गेले तर दोन मिनिटे बोलावे, आणि ती दोन्ही गेलेल्या माणसाविषयी असावीत. ‘मी जिल्हा परिषदेत असताना ते माझ्याकडे आले होते’ अशी सुरुवात झाली की, ऐकणारे घड्याळाकडे पाहू लागतात. काकस्पर्शाची वाट पाहत उन्हात उभ्या असलेल्या घरच्या माणसांना लांबलेल्या भाषणाचा किती त्रास होतो, याची कल्पना माइकजवळ उभे राहून येत नाही.

यानंतरचा टप्पा लोकांच्या लक्षातच येत नाही, आणि येथे हुद्देदार माणसाचा अनुभव सोन्याच्या मोलाचा असतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर दवाखाना कळवतो, पण घरी झाला असेल तर ते काम कुटुंबाचे असते, आणि उशीर झाला की शुल्क, परवानगी आणि कागदपत्रे यांच्या फेऱ्या सुरू होतात. दाखल्याच्या पुरेशा प्रती एकदम काढून ठेवाव्या लागतात, कारण बँक, विमा, निवृत्तिवेतन, गॅस, वीजजोडणी आणि सोसायटी हे सगळे एकेक प्रत मागतात. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, खात्यावरच्या नामनिर्देशनाचा दावा, सोसायटीत भाग हस्तांतराचा अर्ज ही कामे करताना, ज्या बाईंनी आयुष्यात कधी बँकेची पायरी चढलेली नाही त्यांची फार ओढाताण होते. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, ती व्यक्ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते, एवढे एक वाक्य वेळेवर समजावून सांगितल्याने भावाभावांतली भांडणे टळलेली आहेत. निवृत्त बँक अधिकाऱ्याने शेजारणीबरोबर दोन दुपारी शाखेत बसून अर्ज भरून दिले, तर पूर्वी त्यांनी कोणती शाखा चालवली हे विचारण्याची कोणाला गरज उरत नाही. हुद्द्यातून आलेले ज्ञान आपल्याजवळ राहतेच. ते आपल्यासाठी वापरले की लोकांना खुपते, आणि दुसऱ्याच्या अडचणीत खर्च केले की त्याचाच मान होतो.

लग्न आणि सत्कार

आपल्याकडे मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून आलेल्या मान्यवरांची नावे पुकारण्यात मुहूर्त टळतो, हे सर्वांना ठाऊक आहे आणि सर्वांना त्याचा कंटाळा आहे. तरीही आपले नाव राहिले तर वाईट वाटते. यावर उपाय सोपा आहे. चिठ्ठीवर नाव लिहून निवेदकाकडे पाठवू नये. वेळेवर जावे, अक्षता टाकाव्यात, पुढच्या सोफ्यावर बोलावले तर एकदा नम्रपणे नकार द्यावा, आणि पुन्हा आग्रह झाला तर जाऊन बसावे. तीन वेळा नकार देऊन यजमानाला हात धरून ओढायला लावणे हाही मानपानाचाच प्रकार आहे. जेवायला पंगत असेल तर पंगतीत बसावे आणि वेगळ्या खोलीत मांडलेले ‘मान्यवरांचे’ ताट टाळावे. शाल-श्रीफळ देऊ लागले तर घ्यावे, कारण देणाऱ्याने ते आधीच विकत आणलेले असते.

सभा, थकबाकी आणि पाण्याची टाकी

सहकारी गृहनिर्माण संस्थेत प्रत्येक सभासदाला एकच मत असते, मग त्याची सदनिका कितीही मोठी असो आणि त्याचा हुद्दा कोणताही असो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये तशी तरतूदच आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर घ्यावी लागते, आणि त्या सभेत माणसाची पारख होते. ‘मी चौतीस वर्षे प्रशासन चालवले आहे’ हे वाक्य कोणत्याही मुद्द्याला आधार देत नाही. त्याऐवजी, लिफ्टच्या देखभालीचा करार कधी संपतो, मागच्या वर्षी टँकरवर किती खर्च झाला, छताच्या गळतीसाठी किती दरपत्रके आली, हे ज्याने वहीत पाहून ठेवलेले असते त्याचे लोक ऐकतात.

देखभाल शुल्क वेळेवर भरणे ही पहिली अट. थकबाकीदाराने कितीही मुद्देसूद भाषण केले तरी मागच्या रांगेत कोणीतरी पुटपुटतोच. दुसरी अट गाडी आपल्याच जागेत लावण्याची. तिसरी, जे काम कोणालाच नको असते ते वर्षातून एकदा तरी अंगावर घेण्याची. पाण्याची टाकी साफ करून घेण्यासाठी रविवारी सकाळी सहा वाजता गच्चीवर उभे राहणाऱ्या माणसाचा अध्यक्षपदासाठी विचार होतो, आणि बहुधा तोच ते पद नाकारतो.

एक गोष्ट अनेक सभांमध्ये दिसते. पुरुष प्राध्यापकाला ‘सर’ म्हटले जाते आणि तेवढ्याच शिकलेल्या, तेवढ्याच वर्षांची नोकरी झालेल्या प्राध्यापिकेला ‘वहिनी’. इतिवृत्तात एकाचे नाव ‘डॉ.’सह येते, दुसरीचे ‘सौ.’सह. इतिवृत्त लिहिणाऱ्याने हे आपणहून दुरुस्त करावे, त्या बाईंनी सांगण्याची वाट पाहू नये.

हुद्दा लपवू नये असे प्रसंग

वरील सगळे वाचून असा समज होऊ शकतो की, पाटीवरची पदवी काढून टाकली की माणूस मोठा होतो. हे खरे नाही, आणि असा सल्ला सरसकट देणाऱ्यांचा हुद्दा किंवा आडनाव त्यांच्यासाठी न बोलता काम करत असते.

२ मार्च १९३० रोजी पंचवटीतील काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे कोलंबिया आणि लंडन येथील सर्वोच्च पदव्या होत्या, ते बॅरिस्टर होते, आणि त्यांच्याबरोबर दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते आणि हजारो सत्याग्रही होते. सत्याग्रह कित्येक वर्षे चालला. मंदिराचा दरवाजा उघडला नाही. ज्याला समाजाने जन्माने खालचा दर्जा अर्पण केला त्याने मिळवलेल्या पदव्यांनी आणि अत्यंत शिस्तबद्ध वर्तनानेही दार उघडत नाही, हे नाशिकने जगाला दाखवले आहे. तेव्हा ‘वागणूक चांगली ठेवा, मान आपोआप मिळेल’ हा सल्ला काही घरांना अर्धाच लागू पडतो. पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसाने दारावर ‘डॉ.’ किंवा ‘ॲड.’ ठळक अक्षरांत लिहिले असेल तर त्या अक्षरांमागचा हिशेब वेगळा आहे. अशा व्यक्तीला, ती स्वतः दुसरे काही सुचवेपर्यंत, पदवीसहच संबोधावे. ‘आपल्यात कशाला एवढी औपचारिकता’ असे म्हणून तिला नावाने हाक मारणे ही सलगी नसून कपात असते, आणि ती तिला कळते.

तसेच दवाखान्यात, पोलीस ठाण्यात किंवा महापालिकेच्या कार्यालयात दुसऱ्याचे काम अडले असेल तर आपला हुद्दा स्पष्ट सांगावा. स्वतःच्या कामासाठी रांगेत उभे राहावे.

पैसे कधी द्यावेत

येथे सांगण्यासारखे फार नाही, पण ते महत्त्वाचे आहे. प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन, दूधवाला आणि पेपरवाला यांचे पैसे काम झाले त्याच दिवशी किंवा ठरल्या तारखेला द्यावेत. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात घासाघीस करायला हरकत नाही, ती दोन्ही बाजूंना अपेक्षित असते. मात्र दर ठरल्यावर आणि भाजी पिशवीत पडल्यावर पुन्हा ‘दोन कोथिंबिरीच्या काड्या वर टाक’ म्हणताना समोरची बाई पहाटे कोणत्या गावाहून निघाली असेल हे आठवावे. ज्या जिल्ह्यात कांदा उत्पादकाला शंभर किलोंचे दर लासलगावच्या लिलावात क्षणात खाली आलेले पाहावे लागतात, तेथे शेतकऱ्याकडून फुकटची जुडी मागणारा माणूस फारसा शोभून दिसत नाही.

साधेपणाचे प्रदर्शन

हुद्देदारांनी टाळायचा एक सापळा आहे. ‘मी एवढा मोठा अधिकारी होतो, पण बघा, आजही रिक्षाने फिरतो’ हे सांगणाऱ्याचा साधेपणा वाया जातो, कारण त्या वाक्यात पहिला अर्धा भागच ऐकू येतो. वह्यावाटपाचे छायाचित्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याबाबत हेच म्हणता येईल. वह्या घेणाऱ्या मुलाचा चेहरा त्या छायाचित्रात असेल तर मान तर मिळत नाहीच, उलट त्या मुलाच्या वर्गमित्रांपर्यंत ते पोहोचते.

एकत्र येण्याच्या जागी मात्र मोकळेपणाने जावे. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडींवर, म्हणजे रंगाने भरलेल्या हौदांवर, रंगात उडी घेणाऱ्याला कोणी हुद्दा विचारत नाही. ज्याला तब्येतीमुळे उडी शक्य नाही त्याने काठावर उभे राहून भिजावे. मे महिन्यात गोदाघाटावरच्या व्याख्यानमालेला जावे आणि प्रश्नोत्तरांत प्रश्नच विचारावा, दुसरे व्याख्यान देऊ नये. आता २०२६ ते २०२८ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे. कोणत्या आखाड्याने आधी स्नान करावे याचा क्रम संन्याशांमध्येही ठरलेला असतो आणि त्यावरून पूर्वी मोठे वाद झालेले आहेत. संसारी माणसांना त्या क्रमाची चिंता नाही. त्या दिवसांत पंचवटीकडे पायी निघालेल्या म्हाताऱ्या यात्रेकरूंना पाणी देणे आणि विशेषतः बायकांना आपल्या घरातले शौचालय वापरू देणे, हे ज्या घरांनी केले त्यांची नावे गल्लीत पुढच्या सिंहस्थापर्यंत निघतात.

ज्यांच्याकडे हुद्दा नाही त्यांच्यासाठी

बिनहुद्द्याच्या माणसाचा मोठा फायदा असा की, त्याच्याकडून कोणी फार अपेक्षा करत नाही, आणि त्यामुळे पाळलेला प्रत्येक शब्द उठून दिसतो. पाच वाजता येतो म्हटले तर पाचला जावे. एखादे कौशल्य, मोटार दुरुस्तीचे असो, अर्ज भरण्याचे असो की मोठ्या स्वयंपाकाचे, ते लोकांना माहीत असू द्यावे. परंतु प्रत्येक हाकेला धावू नये. लोक ज्याला कोणतेही काम सांगतात आणि जो कधीच नाही म्हणत नाही, त्याचा उपयोग होतो, मान होत नाही; या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात म्हणून चांगल्या माणसांची वर्षेच्या वर्षे त्यात जातात. नाही म्हणायचे असेल तेव्हा लगेच म्हणावे आणि कारणाची गोष्ट लांबवू नये. दुसऱ्याच्या घरातले आपल्याला कळलेले तिसऱ्या घरात सांगू नये, कारण ऐकणारा त्याच क्षणी ठरवतो की आपल्या घरातले या माणसाला कळता कामा नये.

मान मिळू लागल्याच्या खुणा सावकाश दिसतात. निर्णय झाल्यावर सही घेण्याऐवजी निर्णयाआधी कोणीतरी विचारायला येतो. तरुण मुले तोंडावर असहमती दाखवतात, म्हणजे त्यांना आपला धाक वाटत नाही आणि आपले मत त्यांना खोडण्याइतके महत्त्वाचे वाटते. रात्री अपरात्री बेल वाजते. या खुणा दिसू लागल्या की समितीत येण्याचा आग्रह होतो. पाच वर्षांची एक मुदत घ्यावी आणि ती संपण्याच्या सहा महिने आधीच पुढच्या सचिवाला बँकेचे खातेपुस्तक, इतिवृत्ताची वही, भागधारकांची नोंदवही आणि ठेकेदारांचे दूरध्वनी क्रमांक समजावून द्यावेत. पद सोडल्यानंतरच्या पहिल्या सभेत दुसऱ्या रांगेत बसावे, आणि नव्या सचिवाने आकडा चुकवला तर तो सभा संपल्यावर त्याच्याजवळ जाऊन सांगावा.